दूर असलेल्याचा आवाज सभेत कसा पोहोचतो?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टाइपात, अधूनमधून एक नोटीस छापून येते. 'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत. सुनावणी अमुक तारखेस, सकाळी अकरा वाजता.' आपल्यापैकी बहुतेक जण ती वाचत नाहीत. जे वाचतात ते पान उलटतात, कारण सकाळी अकरा वाजता आपण कामावर असतो. पुढे दर वाढतो, आराखडा मंजूर होतो, रस्ता आपल्या दारावरून जातो, आणि मग आपण म्हणतो की आम्हाला कुणी विचारलेच नाही. विचारले होते. आपण तिथे नव्हतो, एवढेच.

आता काही सुनावण्या व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने होऊ लागल्या आहेत आणि लेखी म्हणणे संकेतस्थळावरून पाठवता येते. घरबसल्या सभेत भाग घेता येईल ही आशा त्यामुळे निर्माण झाली. ही सोय खरी किती, तिचे नियम काय आणि आपल्यासारख्या नोकरदार माणसांनी ती कशी वापरावी, याची माहिती समाजबांधवांना द्यावी म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची वस्ती कॉटन ग्रीनची. हार्बर मार्गावर रे रोड आणि शिवडी यांच्या मधले हे स्टेशन. कुलाब्याचा कापूसबाजार गेल्या शतकाच्या पूर्वार्धात इकडे आला आणि नाव मागे राहिले. बाजार गेला, गिरण्या गेल्या, गोदीतले कामही पूर्वीसारखे राहिले नाही. तरीही इथला माणूस आजही पाळीत काम करतो. कुणी गोदामात, कुणी ट्रकवर, कुणी रुग्णालयात रात्रपाळीला, कुणी चार घरची धुणीभांडी. यांच्या दृष्टीने सुनावणीला जाणे म्हणजे एक खाडा. महिन्याचा हिशेब ज्यांना बोटावर करावा लागतो त्यांना खाडा परवडत नाही. म्हणून 'दुरून भाग घेणे' हा विषय आमच्या मते पोटाचा आहे. यंत्राची हौस असणाऱ्यांपुरता तो नाही.

आमचाच एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी वस्तीशी संबंधित एका प्रश्नावर आम्ही मंडळातर्फे निवेदन तयार केले. दोन रविवार घरोघर फिरून सह्या घेतल्या. ज्यांना सही येत नव्हती त्यांचे अंगठे घेतले. एका कार्यकर्त्याने कामावर जाता जाता ते संबंधित कार्यालयात नेऊन दिले. सुनावणीच्या दिवशी आमच्यापैकी दोघेच रजा काढून गेले. तिथे सांगण्यात आले की असे निवेदन यादीत नाही. पोच दाखवा. पोच नव्हती. ज्याने कागद दिला त्याने तो टेबलावर ठेवला होता आणि समोरच्या माणसाने मान हलवली होती. त्या मान हलवण्यावर आमच्या दीडशे घरांचे म्हणणे संपले.

आम्ही बँकेत काउंटरवर काम करतो. काउंटरफॉइलवर शिक्का बसल्याशिवाय कुणी ग्राहक पैसे भरून परत जात नाही, हे आम्ही रोज पाहतो. पण दीडशे घरांचा कागद देताना आम्हाला शिक्का आठवला नाही. चूक कार्यालयाची होती तशी आमचीही होती.

संघाचा नियम

त्या घटनेनंतर आम्ही विनयपिटक वाचत असताना एका ठिकाणी थांबलो. महावग्गाच्या दुसऱ्या खंधकात उपोसथाचे नियम आहेत. दर पंधरवड्याला एका सीमेतील सर्व भिक्खूंनी एकत्र यावे आणि पातिमोक्खाचे पठण व्हावे, हा नियम. मग प्रश्न आला की जो आजारी आहे, येऊ शकत नाही, त्याचे काय?

उत्तर फार काळजीपूर्वक दिले आहे. आजारी भिक्खूने दुसऱ्या भिक्खूजवळ आपली 'पारिसुद्धी' द्यावी. संघाचे अन्य काम असेल तर आपला 'छंद' म्हणजे संमती द्यावी. बोलून द्यावी, बोलता येत नसेल तर खुणेने द्यावी. तेही शक्य नसेल तर त्याला खाटेसह संघात आणावे. हलवल्याने आजार वाढेल किंवा जीव जाईल असे शुश्रूषा करणाऱ्यांना वाटले तर हलवू नये. संघानेच त्याच्याकडे जावे. मात्र एकाला वगळून अपुऱ्या संघाने उपोसथ करू नये.

यापुढचा भाग तर कुठल्याही आवक विभागात लावून ठेवावा असा आहे. निरोप नेणारा वाटेतूनच निघून गेला तर निरोप पोहोचला नाही असे धरावे. पण तो संघापर्यंत पोहोचला आणि झोप लागल्यामुळे किंवा बेसावधपणामुळे सांगायचे राहिले, तर निरोप पोहोचला असेच धरावे. आणि त्याने जाणूनबुजून सांगितले नाही, तर निरोप पोहोचलाच, पण दोष त्या नेणाऱ्याचा. म्हणजे दूर असलेल्याचे म्हणणे सभेच्या दारात आले की ते सभेचे झाले. आतल्या माणसाच्या विसराळूपणाची शिक्षा बाहेरच्याला नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खू संघाला सभेचे नियम, ठराव, गणसंख्या, मतमोजणी हे सर्व ठाऊक होते याची आठवण करून दिली होती. गैरहजर माणसाची मोजणी कशी करावी हेही त्या संघाला ठाऊक होते, एवढे त्यात आम्ही नम्रपणे जोडतो.

लेखी निवेदन हीच पहिली खुर्ची

दुरून भाग घेणे हे काही मोबाइलबरोबर आलेले नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली, तेव्हा सोबत लेखी निवेदनही सादर केले. २० जुलै १९२४ रोजी आपल्याच परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. या सभेतर्फे मे १९२८ मध्ये सायमन कमिशनला लेखी निवेदन गेले आणि त्यानंतर २३ ऑक्टोबर १९२८ रोजी पुण्यात बाबासाहेबांची साक्ष झाली. आधी कागद, मग बोलणे, हा क्रम ध्यानात घ्यावा. गिरणीतला, गोदीतला, गावकुसाबाहेरचा माणूस कमिशनपुढे जाऊन बसणे शक्यच नव्हते. त्याची खुर्ची म्हणजे ते निवेदन होते.

कायदा काय सांगतो?

शासनाच्या सल्लागार मंडळांच्या सभा लोकांना खुल्या असाव्यात की नाहीत, आणि दुरून भाग कसा घ्यावा, हे सर्वांसाठी एकाच ठिकाणी सांगणारा कायदा आपल्या देशात नाही. अमेरिकेत १९७२ साली सल्लागार समित्यांचा स्वतंत्र कायदा झाला. सभेची सूचना सरकारी राजपत्रात आधी द्यायची, सर्वसाधारणपणे किमान पंधरा दिवस, सभा खुली ठेवायची, काही विषयांचा अपवाद सोडून, कुणालाही लेखी म्हणणे देऊ द्यायचे, इतिवृत्त ठेवायचे. दूरध्वनी, व्हिडिओ किंवा इंटरनेटवरून सभा घेतली तरी हेच नियम लागू, असे तिथल्या नियमावलीत आहे. साधन बदलले म्हणून लोकांचा हक्क कमी होत नाही, हे त्यातले तत्त्व.

आपल्याकडे हे तुकड्यातुकड्याने शोधावे लागते. पहिला आणि सर्वांत उपयोगी तुकडा माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये आहे. कलम ४ (१) (ख) नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने काही गोष्टी आपण होऊन प्रसिद्ध करायच्या आहेत. त्यातल्या सातव्या बाबीत धोरण ठरवताना जनतेशी विचारविनिमयाची काय व्यवस्था आहे ते सांगायचे. आठव्या बाबीत सल्ल्यासाठी नेमलेली मंडळे, परिषदा, समित्या यांची यादी द्यायची, त्यांच्या सभा जनतेला खुल्या आहेत का आणि इतिवृत्त पाहता येते का हे सांगायचे. म्हणजे सभा खुली असलीच पाहिजे असे हे कलम म्हणत नाही. पण खुली आहे की नाही ते लपवता येत नाही. ही माहिती संकेतस्थळावर नसेल तर साध्या अर्जाने मागता येते. राज्य शासनाच्या व महापालिकेच्या कार्यालयांसाठी अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा. अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा. उत्तराची मुदत सर्वसाधारणपणे ३० दिवसांची. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क नाही.

याशिवाय २०१४ साली केंद्र शासनाने आपल्या मंत्रालयांसाठी ठरवलेल्या धोरणाप्रमाणे प्रस्तावित कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा असे आहे. परंतु ते धोरण आहे, कायदा नव्हे, हे विसरू नये.

तीन उदाहरणे

आता आपल्या रोजच्या जीवनाला लागून असलेली तीन उदाहरणे पाहू.

पहिले विजेचे. कॉटन ग्रीनला वीज बेस्टची. तिचा दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६४ प्रमाणे दरवाढीचा अर्ज संक्षिप्त रूपात प्रसिद्ध करावा लागतो आणि आलेल्या सर्व हरकती-सूचनांचा विचार करून १२० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. कलम ८७ खाली आयोगाची एक राज्य सल्लागार समिती असते. तिच्यात जास्तीत जास्त २१ सदस्य. त्यात व्यापार, उद्योग, शेती, कामगार, ग्राहक यांचे प्रतिनिधी असतात. त्या समितीत तुम्ही-आम्ही बसत नाही. पण दराच्या सार्वजनिक सुनावणीत कुणीही ग्राहक बोलू शकतो. कोरोनाच्या काळापासून आयोगाने अशा काही सुनावण्या व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घेतल्या आहेत आणि लेखी सूचना संकेतस्थळावरूनही स्वीकारल्या आहेत. कॉटन ग्रीनच्या माणसाला सर्वांत सोपा दरवाजा हाच आहे.

दुसरे जमिनीचे. आपल्या परिसरातली बरीच जमीन बंदराची. पूर्वीचे मुंबई पोर्ट ट्रस्ट, आताचे मुंबई पोर्ट प्राधिकरण. त्या जमिनीच्या विकासाचा प्रारूप आराखडा २०१८ च्या अखेरीस हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध झाला होता. आराखड्याच्या बाबतीत महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ लागू होतो. महापालिकेच्या विकास आराखड्यावर हरकती आल्या की नियोजन समितीपुढे सुनावणी होते. तिथे ज्याने मुदतीत लेखी हरकत दिली त्याला बोलावणे येते. ज्याने काहीच लिहिले नाही, तो दारात उभा राहिला तरी त्याचे नाव पुकारले जात नाही. मुंबईचा २०३४ चा आराखडा आठवा. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला मसुदा चुकांबद्दल एवढा गदारोळ झाल्यामुळे एप्रिलमध्ये मागे घ्यावा लागला आणि २०१६ साली सुधारलेला मसुदा आला. लोकांनी बोट ठेवले म्हणून हे घडले.

तिसरे पर्यावरणाचे. मोठ्या प्रकल्पांसाठी १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागते. किमान ३० दिवसांची सूचना, एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात जाहिरात, जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी नाही असा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी, संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण, आणि शेवटी कामकाजाचा गोषवारा उपस्थितांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवणे, असे नियम आहेत. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या जवळ होते. जो येऊ शकत नाही पण ज्याचा संबंध पोहोचतो, त्याने लेखी म्हणणे पाठवावे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे. या सुनावणीला गणसंख्येची अट नाही. दोन माणसे आली तरी ती पूर्ण होते. आपण नाही गेलो म्हणून ती थांबत नाही. इथे संघाचा नियम आणि सरकारचा नियम यांतला फरक स्पष्ट दिसतो.

आपण काय करावे?

वरील सर्व वाचून आणि स्वतः ठेच खाऊन आम्ही मंडळापुरते काही नियम ठरवले आहेत. ते इतरांनाही उपयोगी पडतील.

१) नोटीस पूर्ण वाचावी आणि कापून ठेवावी. शेवटची तारीख, कागद कोणाच्या नावे, कोणत्या भाषेत, किती प्रती, आणि दुरून बोलण्याची सोय आहे काय, हे तिच्यातच असते. सोय असेल तर नाव नोंदवण्याची मुदत वेगळी असू शकते.

२) निवेदन लहान असावे. पहिल्या चार ओळींत आपण कोण, कुठले, प्रश्नाशी आपला संबंध काय, आणि मागणी काय, हे यावे. भावना पुढच्या परिच्छेदात. विजेच्या प्रश्नावर बिलाची, जमिनीच्या प्रश्नावर भाडेपावतीची प्रत जोडावी.

३) 'आम्हास प्रत्यक्ष किंवा व्हिडिओद्वारे म्हणणे मांडावयाचे आहे' हे वाक्य निवेदनात लिहावे. न लिहिल्यास लेखी म्हणणे पुरेसे आहे असे समजले जाऊ शकते.

४) पोच घ्यावी. हाताने दिल्यास आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का आपल्या प्रतीवर घ्यावा. टपालाने पाठवल्यास पावती जपून ठेवावी. २०२५ साली रजिस्टर पत्रसेवा स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, तेव्हा स्पीड पोस्टच करावे. संकेतस्थळावरून दिल्यास जो क्रमांक येतो तो वहीत लिहावा. मोबाइल हरवतो, वही हरवत नाही.

५) सह्यांचे एकच निवेदन आणि दहा घरांची दहा वेगळी निवेदने, दोन्ही द्यावीत. पहिल्याने वस्तीचे वजन दिसते. दुसऱ्याने दहा जणांना आपापल्या नावाने बोलता येते.

६) सुनावणीनंतर इतिवृत्त किंवा आदेश मिळवावा आणि आपले म्हणणे त्यात आले आहे काय ते पाहावे. आले नसेल तर आवक क्रमांक देऊन लेखी विचारावे.

पडद्यावरची सभा

व्हिडिओच्या सुनावणीबद्दल दोन शब्द. मागे एका सुनावणीत आम्ही मंडळाच्या खोलीत एकाच मोबाइलसमोर सहा जण बसलो होतो. पंखा बंद केला, कारण त्याचा आवाज पलीकडे जात होता. दोन तास वाट पाहिली. आमचे नाव पुकारले त्याच क्षणी मोबाइलवर कुणाचा तरी फोन आला आणि पडदा काळा झाला. पुन्हा जोडेपर्यंत पुढचे नाव सुरू झाले होते. शेजारचे गोदीतून निवृत्त झालेले एक काका, जे आयुष्यात पहिल्यांदा साहेबापुढे बोलणार म्हणून इस्त्रीचा सदरा घालून आले होते, ते काही न बोलता घरी गेले. मात्र या वेळी लेखी म्हणणे आधी दिलेले होते, त्याचा क्रमांक वहीत होता. पुढे आदेश आला तेव्हा हरकत घेणाऱ्यांच्या यादीत काकांचे नाव छापलेले होते. आम्ही ते पान त्यांना नेऊन दाखवले. त्यांनी चष्मा लावून नावावर बोट ठेवले आणि विचारले, "म्हणजे ऐकलं म्हणायचं का?"

ऐकले की नाही हे आम्हाला सांगता आले नाही. नोंदले, एवढे सांगता आले. ऐकून घेण्याच्या लढ्याची ती पहिली पायरी आहे.

म्हणून आमचे मत असे की व्हिडिओची सोय मागावीच, पण तिच्यावर विसंबू नये. आधी कागद, मग पडदा. आणि शासनाकडेही आपण संघटितपणे काही मागण्या कराव्यात. नोटीस सोप्या मराठीत असावी. सुनावणीचे एक सत्र संध्याकाळी किंवा रविवारी असावे. लाइन तुटलेल्या माणसाचे नाव शेवटी पुन्हा पुकारावे. ज्याच्याकडे मोबाइल नाही त्याला विभाग कार्यालयात बसून बोलता यावे. आणि मुदतीत पोहोचलेले प्रत्येक निवेदन, वाचायचे राहिले तरी, नोंदीत आलेच पाहिजे. अडीच हजार वर्षांपूर्वी एका आजारी भिक्खूसाठी जे करता आले, ते आज करता येऊ नये असे नाही.

मंडळाच्या खोलीत आता एक आवक-जावक वही ठेवली आहे. दर रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात कार्यकर्ते त्या आठवड्याच्या नोटिसा वाचून दाखवतात आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे म्हणणे लिहून देतात. शिकलेल्या तरुण-तरुणींनी महिन्यातला एक रविवार यासाठी द्यावा. येताना निळे पेन आणावे. शिक्क्याची आठवण आम्ही करून देऊ.